शहरातल्या तळ्यावर ट्राउट गरवायला जाताना: टेक्सासमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

डिसेंबरातला शनिवार, सकाळचे सात. ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटीमध्ये मेरी जो पेकहॅम पार्क आहे, तिथल्या तळ्याच्या काठावर खुर्च्या मांडून माणसं बसलेली असतात. आजोबा-नातवंडं, जोडपी, कामावरून थेट आलेली मंडळी. पाण्यावर वाफ असते आणि मध्येच कुणाचा तरी तरंगा बुडतो. मी पहिल्यांदा हे पाहिलं ते मुलाला झोपाळ्यावर न्यायला गेलो होतो तेव्हा. माझं बालपण रत्नागिरीकडचं. मामाबरोबर जेटीवर गरवायला जायचं हा सुट्टीतला ठरलेला कार्यक्रम. त्यामुळे ते दृश्य पाहून पाय तिथेच थांबले. तरीही हातात गळ धरायला मला पुढचं दीड वर्ष लागलं. परवाना कुठला, इथे कुणालाही चालतं का, पकडलेला मासा घरी नेता येतो का, दंड झाला तर व्हिसाला काही होईल का, असे प्रश्न मनात होते आणि नीट सांगणारं कुणी नव्हतं. ओळखीतल्या कितीतरी मराठी घरांत हीच अडचण दिसते, म्हणून क्रमाने लिहितो आहे.

१. आधी हे मासे तळ्यात येतात कसे ते समजून घ्या

टेक्सासचं पाणी ट्राउटसाठी गरम आहे. रेनबो ट्राउट हा थंड, भरपूर ऑक्सिजन असलेल्या पाण्यातला मासा. आपल्याकडे तो काश्मीर, हिमाचल, निलगिरी, मुन्नार अशा ठिकाणी आढळतो, महाराष्ट्रात नाही. त्याचं कारणही हेच. पाणी साधारण २१ अंश सेल्सियसच्या वर गेलं की त्याला जगणं अवघड होतं. ह्यूस्टन किंवा डॅलसचं उथळ तळं उन्हाळ्यात त्याच्या कितीतरी पुढे जातं.

म्हणून टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ डिपार्टमेंट (लोक टीपीडब्ल्यूडी म्हणतात) दर हिवाळ्यात, साधारण नोव्हेंबरअखेर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत, मत्स्यबीज केंद्रात वाढवलेले ट्राउट टँकरने आणून राज्यभरच्या तळ्यांत आणि नद्यांत सोडतं. मासे बहुतेक आठ ते बारा इंचांचे, म्हणजे मोठ्या बांगड्याएवढे किंवा त्याहून थोडे मोठे. ते पकडून खाण्यासाठीच सोडलेले असतात. या तळ्यात ते अंडी घालणार नाहीत, त्यांची पुढची पिढी होणार नाही, आणि मे महिना त्यांच्यातला एकही पाहणार नाही. हे एकदा कळलं की मासा घरी नेताना वाटणारा संकोच जातो. मलाही सुरुवातीला वाटायचं की पार्कातला मासा उचलून नेणं बरं नव्हे. इथे उलट आहे. नियमात राहून न्यावा, यासाठीच हा सगळा खटाटोप आहे आणि तो मासेमारीच्या परवान्यांच्या पैशांतून चालतो.

शहरातल्या तळ्यांसाठी या खात्याचा ‘नेबरहुड फिशिन’ नावाचा कार्यक्रम आहे. घराजवळची लहान, गाडी लावायला सोपी, संडास-बाकांची सोय असलेली पार्क त्यात निवडलेली असतात. केटीचं वर सांगितलेलं, डॅलस-फोर्टवर्थकडे हर्स्टचं चिजम पार्क, डेंटनचं साउथ लेक्स पार्क, सॅन अँटोनिओतलं मिलर्स पाँड ही त्यातली काही. हिवाळ्यात ट्राउट आणि एरवी चॅनेल कॅटफिश, म्हणजे आपल्या शिंगाळ्याच्या नात्यातला मिशाळ मासा, असा तिथला क्रम असतो.

२. परवाना: इथेच बहुतेक जण चुकतात

वयाची १७ वर्षं पूर्ण झालेल्या जवळपास प्रत्येकाला परवाना लागतो. त्याखालच्या मुलांना लागत नाही. मुलाच्या हातात गळ देऊन तुम्ही बाजूला बसणार असलात तरी तुमचा परवाना असू द्या. मासा लागला की गळ तुमच्या हातात येणारच.

परवाना टीपीडब्ल्यूडीच्या संकेतस्थळावर मिळतो, किंवा वॉलमार्ट, अकॅडमी अशा दुकानांत खेळसाहित्याच्या काउंटरवर. तिथे ‘फ्रेशवॉटर पॅकेज’ मागा. सॉल्टवॉटर म्हणजे गॅल्व्हेस्टनच्या समुद्रासाठी, ते वेगळं. दोन्हीकडे जायचं असेल तर ऑल-वॉटर. मी घेतला तेव्हा रहिवाशांसाठी फ्रेशवॉटर पॅकेज ३० डॉलर आणि बाहेरच्यांसाठी ५८ डॉलर होतं. घेण्याआधी चालू दर पाहून घ्या.

आता सापळे.

पहिला सापळा ‘रहिवासी’ या शब्दाचा. अपार्टमेंटच्या करारावर सही केली म्हणजे तुम्ही या कामापुरते रहिवासी झालात असं नाही. टेक्सासमध्ये सलग सहा महिन्यांहून जास्त राहिलेलं असावं लागतं. ऑगस्टमध्ये पुण्याहून किंवा न्यू जर्सीहून आला असाल तर पहिल्या डिसेंबरात तुम्ही बाहेरचेच. स्वस्त आहे म्हणून चुकीची खूण करू नका. एकदोनदा जाऊन पाहायचं असेल तर एका दिवसाचा परवाना घ्या. तो रहिवाशांना ११ आणि बाहेरच्यांना १६ डॉलरना मिळत असे.

दुसरा सापळा तारखेचा. नेहमीचा वार्षिक परवाना ३१ ऑगस्टला संपतो, तुम्ही तो केव्हाही घेतलेला असो. जुलैत घेतलात तर दोन महिन्यांत पैसे संपले. ट्राउटसाठी सप्टेंबरनंतर घ्यावा. रहिवाशांना घेतल्या दिवसापासून पूर्ण वर्ष चालणारा एक ऑल-वॉटर परवानाही मिळतो, थोडा महाग. वर्षाच्या मध्ये सुरुवात करणाऱ्याला तो परवडतो.

तिसरा, आई-बाबांचा. हिवाळ्यात गावाकडून आलेले वडील तळ्यावर येतात आणि गळ हातात घेतल्याशिवाय राहत नाहीत. त्यांनाही परवाना हवा. आम्ही माझ्या वडिलांचा पासपोर्ट घेऊन दुकानाच्या काउंटरवर गेलो आणि एका दिवसाचा परवाना काढला, दहा मिनिटांत काम झालं. घरातल्या कुणाकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर संकेतस्थळाशी झटापट करण्यापेक्षा पासपोर्ट घेऊन सरळ काउंटरवर जावं.

जवळ असू द्यायची कागदपत्रं थोडीच:
- परवाना, कागदी किंवा फोनवर (फोनची बॅटरी संपते, म्हणून मी कागदीच ठेवतो)
- ड्रायव्हिंग लायसन्स किंवा पासपोर्ट
- त्या तळ्याच्या नियमांचा फोनवर काढलेला फोटो

परवान्याशिवायचे दोन मार्गही आहेत. राज्याच्या स्टेट पार्कात काठावरून मासे पकडायला परवाना लागत नाही, फक्त पार्कची प्रवेश फी भरायची. बऱ्याच स्टेट पार्कांत गळही काही दिवसांसाठी फुकट उसना देतात. आणि जूनच्या पहिल्या शनिवारी राज्यभर कुठेही परवाना लागत नाही, मात्र तेव्हा ट्राउट नसतात.

३. नियम पाठ करा, चारच आहेत

या तळ्यांवर दिवसाला माणशी पाच ट्राउट. कितीही लहान असला तरी चालतो, मापाची अट नाही. पकडायचं फक्त गळ-दोऱ्यानेच, जाळं किंवा पाग टाकायचा नाही. एका माणसाला दोनच काठ्या.

‘माणशी’ हा शब्द नीट घ्या. तुम्हाला आठ मिळाले आणि बायकोला दोन, तर घरचे मिळून दहा असा हिशेब इथे चालत नाही. पाच झाले की तुमचा गळ गुंडाळा. मूल स्वतः गरवत असेल तर त्याचे पाच वेगळे, पण ते त्याने धरलेले असायला हवेत.

अजून एक गोष्ट कायद्यात आहे आणि ती मला मनापासून पटते: खाण्यालायक मासा मारून तिथेच टाकून द्यायचा नाही. नेणार असाल तर धरा, नसाल तर जिवंत सोडा.

गेम वॉर्डन, म्हणजे शिकार-मासेमारीचे नियम पाळले जातात का ते पाहणारे अधिकारी, कधीतरी फेरी मारतात. गणवेश आणि कमरेला पिस्तूल पाहून आपल्या लोकांच्या पोटात गोळा येतो. ते परवाना पाहतात, पेटी उघडून मासे मोजतात आणि पुढे जातात. मला दोनदा विचारलं आहे. एकदा तर माझ्या मुलाला त्यांनी ट्राउटच्या अंगावरचा गुलाबी पट्टा दाखवला.

४. तारीख पाहून जा

कुठल्या तळ्यात कुठल्या दिवशी मासे सोडणार याचं वेळापत्रक टीपीडब्ल्यूडी दर हिवाळ्यात संकेतस्थळावर देतं. माझी पहिली फेरी फुकट गेली ती ते न पाहता गेल्यामुळे. नोव्हेंबरच्या मध्यावर, ट्राउट आलेच नव्हते तेव्हा, चार तास बसलो आणि मुलाचा विरस झाला. पुन्हा तो यायला तयार नव्हता. त्याला राजी करायला महिना लागला.

टँकर येतो त्या दिवशी गर्दी खूप असते. लोक खांद्याला खांदा लावून उभे असतात आणि दोरे एकमेकांत गुंततात. नव्या माणसाने दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जावं. मासे तोवर सावरलेले असतात, भूकही लागलेली असते आणि काठावर जागा मिळते. आठवडाभर चांगलं लागतं. नंतर माणसांनी आणि पाणकावळ्यांनी मिळून बरेच उचललेले असतात.

वेळ सकाळची, ऊन चढेपर्यंत. ढगाळ थंड दिवस असेल तर दुपारीही लागतात.

५. सामान: लहान आणि हलकं घ्या

दुकानात गेलात की विक्रेता मोठमोठे गळ दाखवेल. आपल्याला नको. ट्राउटचं तोंड लहान आणि नजर तेज.

- साडेपाच-सहा फुटांची हलकी काठी आणि स्पिनिंग रीळ, जोडीने मिळते. लहान मुलांसाठी बटण दाबून सुटणारं रीळ
- चार किंवा सहा पौंडी दोरा, म्हणजे तेवढा ताण पेलणारा
- १० किंवा १२ नंबरचे गळ. इथे आकडा वाढला की गळ लहान होतो. मी २ नंबर लहान समजून घेतला होता
- चिमटीत दाबून बसवायच्या शिशाच्या गोळ्या, लहान तरंगा, एक-दोन स्विव्हल (दोऱ्याला पीळ पडू नये म्हणून लावायची फिरती कडी)
- माशाच्या तोंडातून गळ सोडवता येईल असा लांब नाकाचा पक्कड
- बर्फ घातलेली पेटी, जुनं फडकं, कचऱ्याची पिशवी

आमिषात गांडूळ, डब्यातला मका आणि पॉवरबेट. पॉवरबेट म्हणजे बरणीत मिळणारी, वास असलेली रंगीत कणीक. हे ट्राउट बीज केंद्रात गोळ्या खाऊन वाढलेले असल्यामुळे त्यांना ती ओळखीची वाटते. खेकडा, कोळंबी, सुकट हे सगळं मी करून पाहिलं. कॅटफिशला चालतं, ट्राउटला नाही.

६. गाठ

हा एक भाग सावकाश वाचा, कारण सर्वांत जास्त मासे इथे जातात. माझा पहिला ट्राउट काठापासून दोन हातांवर आला होता, मुलगा वाकून पाहत होता, आणि दोरा सैल होऊन सरकला. गळाशी दोऱ्याचं टोक कुरळं झालेलं दिसलं. तुटलेलं नव्हतं, सुटलेलं होतं. मामाकडे जाड दोरा असायचा, त्याला कुठलीही गाठ चालायची. हा नायलॉनचा केसाएवढा दोरा गुळगुळीत असतो.

दोरा गळाच्या नाकातून ओवा, वीतभर टोक बाहेर काढा. ते टोक मूळ दोऱ्याभोवती पाच वेळा गुंडाळा. आता नाकाला लागून एक लहान फट राहिलेली दिसेल, टोक तिच्यातून काढा. त्यामुळे बाजूला एक मोठा फास तयार होतो, टोक परत त्यातूनही काढा. आणि ओढण्याआधी गाठ तोंडात धरून ओली करा. कोरडी ओढली तर घासून दोरा तापतो आणि तिथेच कमजोर होतो. मग मूळ दोरा हळूहळू ओढा. वेटोळी एकावर एक नीट बसली पाहिजेत, एकमेकांवर चढली असतील तर कापून पुन्हा बांधा. घरी टीव्हीसमोर वीसदा बांधा. थंडीत बोटं बधीर असताना काठावर शिकणं होत नाही.

७. दोन मांडण्या पुरतात

तरंग्याची: गळावर मक्याचे दोन दाणे किंवा गांडुळाचा तुकडा, वर वीतभर अंतरावर शिशाची एक गोळी, आणि त्याच्या वर दोन-तीन फुटांवर तरंगा. तरंगा जेमतेम उभा राहील इतका लहान घ्या. मोठ्या तरंग्याचा विरोध जाणवला की मासा आमिष थुंकतो. मुलांसाठी हीच मांडणी, कारण बुडणारा तरंगा त्यांना दिसतो.

तळाची: दोऱ्यात भोकाचं शिसं ओवा, खाली स्विव्हल बांधा, तिथून दीड फूट दोरा आणि टोकाला गळ. गळावर पॉवरबेटची वाटाण्याएवढी गोळी, गळ पूर्ण झाकेल अशी दाबा. ही कणीक पाण्यात तरंगते. म्हणजे शिसं तळाशी आणि आमिष त्याच्या वर दीड फूट अधांतरी. गोळी फार लहान केली तर गळाच्या वजनाने खाली बसते, म्हणून काठाजवळच्या उथळ पाण्यात सोडून ती वर येते का पाहून घ्या.

रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोरा किती ताणावर सुटेल ते ठरवणारा भाग, सैल ठेवा. हाताने दोरा ओढला तर कुरकुर करत सुटला पाहिजे. चार पौंडी दोऱ्यावर ट्राउट उसळी मारतो तेव्हा हा सैलपणाच दोरा वाचवतो. मासा लागला की जोराने हिसका देऊ नका, काठी उभी करा आणि गुंडाळत राहा.

८. काठावरचं वागणं आणि सुरक्षितता

गळ फेकण्याआधी मागे वळून पाहा. पार्कात लहान मुलं धावत असतात. शेजाऱ्याच्या दोऱ्यावरून आपला दोरा टाकू नका. गुंतलाच तर आधी बोला, मग सोडवा. कापायची वेळ आली तर आपला कापावा.

बसण्याआधी जमीन पाहा. भुसभुशीत मातीचा लहान ढीग दिसला तर तो फायर अँटचा. या लाल मुंग्या एकदम पायावर चढतात आणि चावलेल्या जागी पू भरलेले फोड येतात. मुलांना बूट-मोजे घाला. ह्यूस्टनच्या बाजूला काही तळ्यांत मगरीसारखे अ‍ॅलिगेटर असतात. पाटी लावलेली असेल तर ती गांभीर्याने घ्या, मासे ओवून पाण्यात लटकवून ठेवू नका आणि पाण्यात उतरू नका.

तुटलेला दोरा खिशात घाला. बदकांच्या पायात तो अडकलेला मी पाहिला आहे. पाय सुजून काळा पडला होता आणि त्या दोऱ्याची लांबी हातभरसुद्धा नव्हती. घरच्या टाकीतले गोल्डफिश तळ्यात सोडणं, उरलेलं जिवंत आमिष ओतणं हेही करू नका.

सोडायचा मासा ओल्या हाताने धरा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मासा नंतर मरू शकतो. गळ घशात गेला असेल तर तो मासा वाचणं कठीण, तो आपल्या पाचांत धरा.

९. घरी आणल्यावर

मासा मिळताच बर्फात टाका. ट्राउटचं मांस मऊ असतं, बादलीतल्या पाण्यात ठेवला तर घरी येईपर्यंत लिबलिबीत होतो. साफसफाई घरीच करा, तळ्यात आतडी टाकू नका.

खवले काढायची गरज नाही, ते अगदी बारीक असतात. पोटाला खालच्या भोकापासून कल्ल्यांपर्यंत चीर द्या, आतलं सगळं काढा, कल्ले काढा. मग पाठीच्या कण्याला लागून काळसर रक्ताची रेघ दिसेल, ती अंगठ्याच्या नखाने किंवा चमच्याने खरवडून धुवा. ती राहिली तर मासा उग्र लागतो. बऱ्याच जणांना ट्राउट ‘चिखलासारखा’ लागतो, त्यांनी आधी ही रेघ नीट काढून पाहावी.

आमच्याकडे अख्खा मासा दोन्ही बाजूंनी चिरे देऊन मीठ, हळद, तिखट, वाटलेलं आलं-लसूण आणि कोकमाचं आगळ लावून फक्त पंधरा मिनिटं ठेवतात. सुरमईसारखा तासभर मुरवलात तर तुटतो. तांदळाच्या पिठात थोडा रवा घालून घोळवा, मध्यम आचेवर तळा, एकदाच उलटा. त्याला बारीक काटे असतात, लहान मुलांना सोडवून द्या. अपार्टमेंटमध्ये तळण्याआधी खिडकी उघडा आणि पंखा लावा, स्मोक अलार्म लगेच वाजतो.

मार्चनंतर ट्राउटचं वेळापत्रक संपतं. मग १० नंबरचे गळ डबीत ठेवून द्या आणि ४ नंबरचे काढा, एप्रिलपासून त्याच तळ्यात कॅटफिश सोडायला लागतात. परवाना तोच चालतो, ३१ ऑगस्टपर्यंत. ती सुकट तेव्हा वापरा.